अकरा चाळीस

सकाळी ९:००

बुधवार, २४ फेब्रुवारी २०२१. करोनाचे आकडे पुन्हा चढू लागले होते. पुण्यात सोमवारपासून रात्री अकरा ते सकाळी सहा विनाकारण बाहेर पडायला बंदी होती आणि शाळा-कॉलेजं महिनाअखेरपर्यंत बंद होती. टाळेबंदीच्या वर्षात घरी बसलेल्या पुष्कळांनी डिमॅट खाती उघडली होती. कोथरूड-औंधच्या फ्लॅटमध्ये ऑफिसच्या लॅपटॉपशेजारी मोबाइलवर निफ्टी उघडा असणं एव्हाना नेहमीचं झालं होतं. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, फेब्रुवारीच्या फ्युचर्स-ऑप्शन्सची एक्स्पायरी होती. एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी हातातल्या पोझिशनसाठी एकेक मिनिट मोलाचं असतं.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात एनएसईचं, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराचं, प्री-ओपन सत्र सुरू झालं. तिथल्या यंत्रांची तीन ठिकाणं होती. मुख्य केंद्र संकुलात. त्याची जुळी प्रत ठेवणारं जवळचं केंद्र मुंबईतच. आणि मुंबईवरच संकट आलं तर हाताशी असावं म्हणून तिसरं केंद्र चेन्नईत. मुख्य केंद्र आणि जवळचं केंद्र यांना जोडणाऱ्या टेलिकॉम लिंक्स होत्या, त्याही एकाच्या भरवशावर नव्हत्या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून त्या घेतल्या होत्या. कागदावर यात खोट काढता येणार नाही.

त्या दिवशी बाजार जवळजवळ चार तास बंद पडला, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. का पडला, हे मात्र बहुतेकांच्या मनात ‘काहीतरी टेक्निकल’ एवढ्यावरच थांबलं. त्या ‘काहीतरी’ला नाव आहे : स्टोरेज एरिया नेटवर्क, म्हणजे सॅन. पुण्यात तरी या विषयाकडे कुणी परका म्हणून पाहू नये. व्हेरिटासच्या स्टोरेज सॉफ्टवेअरचं मोठं काम वर्षानुवर्षं पुण्यातून झालं, कालसॉफ्टसारख्या कंपन्या याच विषयावर उभ्या राहिल्या, बॅकअपच्या क्षेत्रातली द्रुवा २००८ मध्ये याच शहरात सुरू झाली. ज्या यंत्रणेमुळे तो दिवस बिघडला, तशा यंत्रणेची अंतरंगं जाणणारे शेकडो लोक त्या क्षणी पुण्यातच घरून काम करत होते.

सकाळी ९:१५

बाजार उघडला. ऑर्डरी धावू लागल्या.

सौदा झाला की त्याची नोंद व्हावी लागते, आणि सौदा करणाऱ्या ब्रोकरकडे पुरेसं मार्जिन आहे की नाही, हे तत्क्षणी तपासावं लागतं. हे दुसरं काम एनएसई क्लिअरिंग या उपकंपनीचं. वायदे बाजारात एका माणसाचा नफा हा दुसऱ्याचा तोटा असतो, आणि तोटा झालेला माणूस पैसे देईल याची हमी क्लिअरिंग घेतं. म्हणून जोखीम मोजणारी यंत्रणा क्षणभरही डोळे मिटू शकत नाही.

मोठ्या संस्थांत ही यंत्रणा चालवणाऱ्या सर्व्हरच्या पोटात कामाची डिस्क नसते. डेटा वेगळ्या कपाटात असतो, त्याला स्टोरेज ॲरे म्हणतात. सर्व्हर आणि ॲरे यांच्या मध्ये स्विच बसवलेले असतात. बँका, विमा कंपन्या, शेअर बाजार अशा ठिकाणी हे जाळं बहुधा फायबर चॅनेलवर चालतं. १९९४ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेलं हे तंत्र, १ गिगाबिटपासून २०२१ पर्यंत ६४ गिगाबिटपर्यंत पोचलं तरी त्याचा मूळ स्वभाव बदललेला नाही : फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, हरवू द्यायची नाही. आपल्या रोजच्या इंटरनेटवर पाकीट हरवलं तर पुन्हा पाठवतात, कुणाला काही वाटत नाही. फायबर चॅनेलमध्ये समोरच्या पोर्टकडे जागा रिकामी असल्याची खूण मिळाल्याशिवाय फ्रेम निघतच नाही. या खुणेला क्रेडिट म्हणतात. एक फ्रेम पाठवली की एक क्रेडिट खर्च. समोरच्याने ती उतरवून घेतली की क्रेडिट परत. क्रेडिट शून्य झालं की पोर्ट गप्प उभं राहतं.

खोलीतल्या खोलीत हे हिशेब सहज जमतात. अंतर वाढलं की कठीण होतं. काचेच्या तंतूतून प्रकाशाला एक किलोमीटर जायला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, जाऊन-येऊन १०. जवळच्या केंद्रातली प्रत ‘जुळी’ ठेवायची, तर प्रत्येक नोंद तिथे पोचून तिची पोच परत आल्याशिवाय मुख्य केंद्राने ‘लिहिलं’ असं म्हणायचं नाही. काही किलोमीटरसाठी हा खर्च परवडतो. चेन्नईसाठी नाही. हजार किलोमीटरच्या पलीकडे प्रत्येक नोंदीमागे किमान १० मिलिसेकंद थांबावं लागेल आणि बाजार रांगायला लागेल. म्हणून दूरची प्रत नेहमी थोडी मागे असते. जवळची प्रत अगदी सारखी पण त्याच शहरात, दूरची प्रत सुरक्षित पण किंचित शिळी. सगळ्या रचनेचा ताण या एका तडजोडीत आहे, आणि त्या दिवशी दुपारी प्रश्न अडला तो इथेच.

सकाळी १०:०० नंतर

दहा वाजून काही मिनिटं झाली आणि निफ्टीचा आकडा थिजला. बँक निफ्टीचाही. ऑर्डरी जात होत्या, शेअर्सचे भाव हलत होते, फ्युचर्स चालू होते. निर्देशांक मात्र जागचा हलेना. घराघरांतून लोकांनी आधी आपलं वायफाय बंद-चालू केलं, मग ॲप पुन्हा उघडलं, मग ब्रोकरच्या कॉल सेंटरला फोन लावले. ब्रोकरकडेही तोच थिजलेला आकडा होता.

आत काय घडत होतं ते एनएसईने नंतर स्वतःच सांगितलं. दोन्ही टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक्स अस्थिर झाल्या होत्या, आणि मुख्य कारण होतं दोन केंद्रांमधल्या रस्त्यालगत चाललेलं खोदकाम आणि बांधकाम. दोन कंपन्या, दोन करार, दोन बिलं. पण घाव बसला तो दोघींच्याही लिंक्सवर, एकाच सकाळी. स्टेशनला जायचे दोन रस्ते एकाच पुलावरून जात असतील, तर पूल बंद झाल्यावर दोन्ही बंद. पुण्यात राहणाऱ्या माणसाला रस्ता खोदला की काय काय तुटतं हे सांगावं लागत नाही. डेटा सेंटरच्या नकाशात मात्र रस्ता दिसतच नाही. तिथे दोन ठिकाणांना जोडणाऱ्या दोन सरळ रेघा असतात, एक निळी आणि एक लाल.

‘अस्थिर’ या शब्दाकडे नीट पाहायला हवं. लिंक एका फटक्यात तुटली तर यंत्रणेला निर्णय सोपा असतो : वाट गेली, दुसरी धर. पण गेली, आली, पुन्हा गेली, अर्धवट आली, असं चाललं की दोन्हीकडची यंत्रं प्रत्येक वेळी जोडणी नव्याने ठरवायला जातात आणि ठरेपर्यंत ती पुन्हा बिघडते. सॅन सांभाळणाऱ्याला पूर्ण तुटलेल्या केबलपेक्षा अशा लुकलुकणाऱ्या केबलची धास्ती जास्त वाटते, आणि ते बरोबरच आहे.

लुकलुकण्याचा एक दुष्परिणाम तर बाहेरून दिसतही नाही. फ्रेम पोचल्यावर परत येणारी क्रेडिटची खूण वाटेतच खराब झाली, तर ते क्रेडिट गेलं. पाठवणारा समजतो, समोर जागा नाही. असं एकेक करत क्रेडिट गळत जातात. पोर्ट ‘ऑनलाइन’ दिसतं, दिवा हिरवा असतो आणि वाहतूक ठप्प असते. लांब पल्ल्याच्या लिंकवर स्विच आणि टेलिकॉमची पेटी यांच्यामध्ये आणखी एक गोष्ट घडू शकते. स्विचला दिसणारा प्रकाश शेजारच्या पेटीतून येतो. रस्त्याखालचा तंतू तुटला तरी ती पेटी आपला प्रकाश चालू ठेवत असेल, तर स्विचच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. दिवा हिरवा आहे, याचा अर्थ खोलीतल्या खोलीत सगळं बरं आहे, एवढाच.

म्हणून दिव्यांवर न थांबता काउंटर वाचावे लागतात. ब्रोकेड कंपनीच्या स्विचवर ‘पोर्टएररशो’ असा हुकूम आहे. तो दिला की पडद्यावर प्रत्येक पोर्टची एक ओळ येते आणि ओळीत बरेच रकाने. पहिले दोन रकाने येणाऱ्या-जाणाऱ्या फ्रेमचे, आकडे मोठे, त्यांच्याकडे फारसं बघायचं कारण नसतं. खरं वाचन पुढे सुरू होतं. ‘सीआरसी एरर’ म्हणजे फ्रेम पोचली पण तिचा मजकूर बिघडलेला होता. त्याच्याच शेजारी एक छोटा रकाना असतो : बिघडलेली फ्रेम, पण तिच्या शेपटाची खूण शाबूत. कारण बिघडलेली फ्रेम ज्या स्विचला पहिल्यांदा सापडते, तो पुढे पाठवताना तिच्या शेपटावर ‘ही खराब आहे’ असा शिक्का मारतो. तेव्हा शिक्का नसलेली खराब फ्रेम दिसली, तर दोष याच केबलमध्ये किंवा पोर्टमधल्या, प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या मॉड्यूलमध्ये. शिक्का असलेली दिसली, तर दोष मागे कुठेतरी, इथली केबल बदलून उपयोग नाही. एवढ्या एका फरकाने कुणाची तरी आख्खी रात्र वाचते.

पुढे ‘डिस्क सी३’ : टाकून दिलेल्या फ्रेम, बहुधा ठरावीक काळ वाट पाहून. फ्रेम हरवू न देणाऱ्या जाळ्याने फ्रेम टाकली, म्हणजे कोंडी किती झाली असेल ते समजावं. स्विच तिला फार तर अर्धा सेकंद धरून ठेवतो, पण लिनक्सच्या सर्व्हरवर डिस्ककडून उत्तराची वाट पाहायची मुदत नेहमीच्या मांडणीत ३० सेकंद असते. एक फ्रेम गेली की वर कुठलं तरी ॲप्लिकेशन अर्धा मिनिट गोठून बसू शकतं, आणि त्याचा दोष बिचाऱ्या डेटाबेसवर जातो.

मग ‘लॉस सिंक’, ‘लॉस सिग’ : ताल सुटला, प्रकाश गेला. शिवाय वेगळ्या हुकुमाने प्रत्येक मॉड्यूलला मिळणाऱ्या प्रकाशाची मात्रा वाचता येते. ती आठवड्याआठवड्याने घसरत असेल तर कनेक्टरवर धूळ आहे किंवा लेझर म्हातारा झाला आहे. लांब पल्ल्याच्या तंतूचा गाभा अवघा ९ मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसाच्या कितीतरी पट बारीक. धुळीचा एक कण त्याच्यासमोर भिंतीसारखा उभा राहू शकतो.

हे काउंटर साठत जाणारे असतात, स्विच सुरू झाल्यापासूनचे. ‘४,००० सीआरसी’ हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. चार वर्षांत की चार मिनिटांत? म्हणून काउंटर शून्यावर आणून तारीख लिहून ठेवणं, रोज ठरल्या वेळी वाचणं आणि कालच्याशी ताडून पाहणं, हे कंटाळवाणं काम ज्या संस्थेत होतं, तिथे बिघाड बहुधा आधी कळतो. मला या कामाबद्दल फार आदर आहे. ते कुणी पाहत नाही, त्यावर पगारवाढ मिळत नाही, आणि ते नीट झालं तर दाखवण्यासारखं काही घडतच नाही.

एक जुना घटनाक्रम : सिंगापूर, जुलै २०१०

मुंबईच्या या तासाशी ताडून पाहावा असा एक प्रसंग आहे. सिंगापूरच्या डीबीएस बँकेचे तेव्हाचे प्रमुख पीयूष गुप्ता यांनी तो ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात मिनिटांसकट जाहीर केला होता.

३ जुलै, सकाळी ११:०६. बँकेच्या मेनफ्रेमला जोडलेल्या स्टोरेजमधली एक दळणवळणाची लिंक अस्थिर आहे, असा इशारा देखरेखीच्या सॉफ्टवेअरने यंत्रणा सांभाळणाऱ्या आयबीएमच्या सहायता केंद्राला दिला. संध्याकाळी ७:५० ला इंजिनिअरने केबल बदलली, पण यंत्राच्या देखभाल इंटरफेसमधून नाही, तर सहायता केंद्राने सांगितलेल्या रीतीने. इशारा थांबला. ४ जुलै, दुपारी २:५५. इशारा परत आला. ५:१६ ला केबल तपासून पुन्हा बसवली. ६:१४ ला इशारा पुन्हा. केंद्रातले लोक पाच तासांवर नोंदी वाचत बसले आणि शेवटी म्हणाले, कनेक्टरची पिन वाकली आहे का बघा. रात्री ११:३८ ला पिन सरळच निघाली. या सगळ्या काळात स्टोरेज चालू होतं, बँक चालू होती. ५ जुलै, पहाटे २:५८. केबल पुन्हा त्याच चुकीच्या रीतीने बदलली गेली. आता डेटा बिघडण्याची भीती निर्माण झाली, आणि तो वाचवण्यासाठी स्टोरेजने मेनफ्रेमशी बोलणं आपणहून तोडलं. बँकेच्या सेवा सुमारे सात तास कोलमडल्या. सिंगापूरच्या मध्यवर्ती बँकेने डीबीएसला सुमारे २३ कोटी सिंगापूर डॉलरचं जादा भांडवल बाजूला ठेवायला लावलं.

पहिल्या इशाऱ्यापासून कोसळण्यापर्यंत जवळपास चाळीस तास मिळाले होते. देखरेखीच्या यंत्रणेने आपलं काम चोख केलं होतं. कमी पडलं ते समजणं. एकच लिंक पुन्हा पुन्हा कुरकुरते, म्हणजे केबलच्या दोन्ही टोकांना असलेल्या कार्डांकडे बघायला हवं, आणि चालू यंत्रात हात घालण्याआधी त्याचा देखभाल इंटरफेस उघडायला हवा, हे कुणीतरी ठामपणे म्हणायला हवं होतं.

१०:०० ते ११:४०

परत मुंबईत. लिंक्स गेल्या तरी बाजार बंद पडायचं कारण नव्हतं. जुळी प्रत ठेवणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेत एक प्रश्न आधी ठरवून ठेवावा लागतो : दुसऱ्या केंद्राशी बोलणं तुटलं, तर काय करायचं? एक उत्तर, लिहिणं थांबवायचं, म्हणजे दोन्ही प्रती सारख्या राहतील. दुसरं उत्तर, मुख्य केंद्राने एकट्याने पुढे चालायचं आणि लिंक आली की राहिलेलं भरून काढायचं. दोन्ही केंद्रं एकाच वेळी स्वतःला मुख्य समजू लागली तर दोन वेगळे हिशेब तयार होतील. ही सगळ्यांत मोठी भीती, आणि तिच्यापोटी यंत्रं सावधपणाकडे झुकवलेली असतात.

एनएसईने पुढे, २२ मार्च २०२१ ला, तपासाचे निष्कर्ष जाहीर केले. लिंक तुटल्यावर मुख्य सॅनवर परिणाम व्हायला नको होता. पण पुरवठादाराने सॅनमध्ये बसवलेली फेलओव्हरची, म्हणजे बिघाडात पर्यायावर जाण्याची, रीत एनएसईने मागितलेल्या रचनेशी जुळत नव्हती, आणि सॅनच्या मांडणीतही चुका निघाल्या. परिणाम असा की मुख्य केंद्रातलं धडधाकट सॅनच आपल्या सर्व्हरना दिसेनासं झालं. डेटा जागेवर, डिस्क जागेवर, विजेचा पुरवठा जागेवर, आणि वाचायला कुणाला वाट नाही. जोखीम मोजणारी यंत्रणा गेली. क्लिअरिंग-सेटलमेंट गेलं. निर्देशांक आणि बाजारावरची पाळत गेली. सौदे जुळवणारं यंत्र मात्र चालूच होतं, आणि हेच अधिक धोक्याचं होतं. गाडी पळते आहे आणि मार्जिन कुणी तपासत नाही.

रचनेच्या कागदावर काय लिहिलंय आणि यंत्रात खरोखर काय बसवलंय, यांतलं अंतर कळायची एकच वेळ असते : वाट खरोखर तुटते तेव्हा. ती वेळ आपण निवडायची की रस्ता खोदणाऱ्या यंत्रावर सोडायची, एवढंच आपल्या हातात असतं. रविवारी सकाळी, बाजार बंद असताना, माणसं समोर उभी करून आधी एक लिंक, मग दुसरी, मग दोन्ही ओढून बघता येतात. तुटलेली सोडून लुकलुकणारी लिंकही तयार करता येते. असा सराव अनेक संस्था टाळतात, कारण त्यात काही बिघडलं तर दोष सराव करणाऱ्यावर येतो. मला ही सबब कधीच पटलेली नाही.

सकाळी ११:४०

एनएसईने सगळे विभाग बंद केले. दोन्ही टेलिकॉम कंपन्यांनी लिंकमध्ये अडचणी असल्याचं कळवलं आहे, त्याचा परिणाम यंत्रणेवर झाला आहे, ११:४० ला सर्व विभाग बंद केले आहेत, दुरुस्ती होताच सुरू करू, असं निवेदन आलं. निर्देशांक थिजल्यापासून दीड तास उलटला होता.

दुपारी १२:०० ते ३:००

या तीन तासांत बाहेर कुणाला काही कळत नव्हतं. बीएसई चालू होता, त्यामुळे शेअर्सची खरेदी-विक्री तिथे करता येत होती. २०१९ पासून क्लिअरिंग संस्था परस्परांशी जोडल्या गेल्याने एनएसईवर घेतलेला शेअर बीएसईवर विकून हिशेब मिटवता येत होता. पण निफ्टीचे ऑप्शन एनएसईवरच. ते घेतलेला माणूस हात बांधून बसला होता, आणि उद्या एक्स्पायरी.

आत निर्णयाचा प्रश्न होता. चेन्नईला जायचं का? चेन्नईची प्रत थोडी मागे असते. शेवटच्या काही क्षणांचे सौदे तिथे नसतील, तर ते जुळवून घ्यावे लागणार, सगळ्या ब्रोकरना तिकडे जोडून घ्यावं लागणार. इथे मुख्य सॅन आत्ता येईल, मग येईल, अशी आशा. अशा वेळी प्रत्येक अर्ध्या तासाला ‘अजून अर्धा तास’ असं वाटत राहतं. चेन्नईला जाणं झालं नाही. मुख्य केंद्रच पुन्हा उभं केलं गेलं. पुढे बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने काढलेल्या ठपक्यांत हा मुद्दा होता.

अडीच वाजता अहमदाबादेत भारत-इंग्लंडचा दिवस-रात्र कसोटी सामना सुरू झाला. त्याच दिवशी नरेंद्र मोदी यांचं नाव मिळालेल्या त्या स्टेडियमवर घरोघरीचे टीव्ही लागले. अनेकांनी बाजार आज संपला असं धरून चॅनेल बदललं.

दुपारी ३:०० ते ३:३०

इंट्राडे सौदा त्याच दिवशी मिटवावा लागतो. नेहमीची वेळ साडेतीनची. एनएसई उघडेल याचा कुठलाच शब्द आलेला नव्हता. ब्रोकरांनी तीननंतर ग्राहकांच्या उघड्या पोझिशन्स बीएसईवर बंद करायला सुरुवात केली, मिळेल त्या भावाला. ते करणं त्यांना भाग होतं. रात्रभर जोखीम अंगावर कोण घेणार?

सव्वातीन वाजून गेल्यावर निरोप आला : एनएसईचं प्री-ओपन ३:३०ला, बाजार ३:४५ला आणि आज सौदे पाचपर्यंत. बीएसईही पाचपर्यंत.

ज्यांच्या पोझिशन्स पाच-दहा मिनिटांपूर्वी सक्तीने मिटवल्या गेल्या होत्या, त्यांना आता त्या पुन्हा उभ्या करता येणार नव्हत्या. त्या दिवसाचं सगळ्यांत मोठं नुकसान मला हे वाटतं. सॅन बिघडणं हा यंत्राचा दोष. पण ‘आम्ही उघडणार आहोत, साडेतीनला संपवणार नाही’ हे अर्धा तास आधी सांगायला कुठलीही केबल लागत नव्हती. तांत्रिक संकटात लोकांना वेळेवर माहिती देणं हा दुरुस्तीचाच भाग असतो, आणि तोच नेहमी शेवटी आठवतो.

दुपारी ३:४५ ते संध्याकाळी ५:००

बाजार उघडला आणि उसळला. सेन्सेक्स १,०३० अंशांनी चढून ५०,७८१ वर बंद झाला, निफ्टी २७४ अंशांनी चढून १४,९८२ वर. तेजीत बसलेल्यांनी दिवस वसूल केला. मंदीवाले, आणि ज्यांचे शेअर बीएसईवर सक्तीने विकले गेले ते, पडद्याकडे बघत राहिले.

त्यानंतर

एनएसईने निष्कर्ष मांडले त्याच दिवशी, २२ मार्च २०२१ ला, सेबीने नवा नियम काढला. महत्त्वाची यंत्रणा कोलमडली तर ३० मिनिटांत ती ‘आपत्ती’ म्हणून जाहीर करायची आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. ‘अजून अर्धा तास’ म्हणायची मुभाच काढून घेतली. ५ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने उशिराला दंड लावला, आणि तो संस्थेपुरता ठेवला नाही. व्यवस्थापकीय संचालक आणि मुख्य तंत्रज्ञान अधिकारी यांच्या वार्षिक वेतनातला १० टक्के हिस्साही त्यात ओढला. जून २०२३ मध्ये एनएसईने ४९.७७ कोटी आणि एनएसई क्लिअरिंगने २२.८८ कोटी रुपये भरून २४ फेब्रुवारीचं प्रकरण सेबीशी तडजोडीने मिटवलं. १ एप्रिल २०२५ पासून एनएसई आणि बीएसई एकमेकांचे पर्यायी बाजार म्हणून उभे राहतील, अशी व्यवस्थाही सेबीने ठरवली.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एका शनिवारची गोष्ट. २ मार्च २०२४ ला सुट्टीच्या दिवशी दोन्ही बाजार मुद्दाम उघडले. ९:१५ ते १०:०० मुख्य केंद्रावरून, खऱ्या पैशांचे खरे सौदे. मग दीड तासाची विश्रांती. ११:३० ला तेच ब्रोकर, तेच शेअर, पण यंत्रं पर्यायी केंद्रातली. १२:३० पर्यंत सौदे चालले. १८ मे २०२४ ला, पुन्हा शनिवारीच, तोच सराव पुन्हा केला.